संख्या आणि गुरुत्व

सातपूरला माझा संगणक देखभालीचा व्यवसाय आहे. आम्ही सहा जण, ग्राहक बावीस. वार्षिक करार करायचा म्हटलं की ग्राहकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मॅडम, सिस्टिम किती आहेत ते बघून घ्या आणि कोटेशन पाठवा." मग आमचा मुलगा वही घेऊन टेबलाटेबलावर फिरतो, नग मोजतो, नगाला ठरलेल्या दराने गुणतो. त्या गुणाकारातून नुसती रक्कम निघत नाही. किती कॉल येतील, कुणाला किती वेळा पाठवावं लागेल, एका माणसाकडे किती साइट द्यायच्या, हे सगळं आम्ही त्याच आकड्यावरून धरून चालतो.

दोन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात मी दोन करार केले. एक अंबडच्या टूलरूमचा, दुसरा एका हॉस्पिटलचा. दोन्हीकडे ४२ संगणक. दोन्हींच्या कागदावर मी एकच ओळ लिहिली : आठवड्यातून एक भेट, अडचण आली तर फोन. दिवाळीपर्यंत टूलरूमचे कॉल एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले होते. हॉस्पिटलचा कॉल पडला नाही असा दिवस आठवत नाही. ते सगळं झेलणारा मुलगा वाळत चालला होता, आणि मला वाटत होतं की त्याला कामाचा आवाका नाही.

मग एका रात्री दोन वाजता त्याच्याबरोबर मीही हॉस्पिटलला गेले. प्रयोगशाळेतल्या बारकोड प्रिंटरमधून लेबलं कोरी बाहेर पडत होती. हा प्रिंटर आमच्या यादीत नव्हता. संगणकात आम्ही एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकतो, त्यामुळे डिस्क भरली, बॅकअप चुकला की ऑफिसात बसून कळतं. या प्रिंटरमध्ये तो टाकता येत नव्हता, म्हणून मी तो संगणकाच्या जोडीचा धरून सोडून दिला होता. रिबन बदलताना शाईची बाजू उलटी बसली होती. काम पाच मिनिटांचं. पण तोवर ट्रेमधल्या रक्ताच्या नळ्यांवर निळ्या पेनाने नावं लिहिलेली होती, आणि तिथल्या ताई दोन हातांत दोन नळ्या धरून उभ्या होत्या. दोन्ही पवार. एक तातडीच्या विभागातले, एक वॉर्डातले. "खाली ठेवल्या आणि अदलाबदल झाली तर?" एवढंच त्या म्हणाल्या. लेबलं चिकटेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

त्या रात्री घरी आल्यावर मी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह काढला. संगणकाच्या कामात पडण्याआधी मी संस्कृत घेऊन बी. ए. केलं, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची १८९७ सालची मुंबई संस्कृत मालेतली आवृत्ती आम्हाला गुरुजींनी ओळीओळीने शिकवली होती. त्यात वैशेषिक या भारतीय दर्शनाने मानलेले २४ गुण येतात. संख्या त्यातला एक. गुरुत्व, म्हणजे जडपणा, त्यातलाच दुसरा, आणि स्वतंत्र. परीक्षेसाठी ही यादी मी पाठ केली होती. हे दोन वेगळे का, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

वैशेषिकांच्या मते संख्या त्यांनी मानलेल्या नऊही द्रव्यांत राहते. दगड मोजता येतात, मनं मोजता येतात, आत्मेही मोजता येतात. गुरुत्व मात्र पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत. म्हणजे जिथे संख्या आहे तिथे जडपणा असेलच असं नाही, आणि एकावरून दुसरं काढण्याचा हक्क शास्त्र देत नाही. मी बावीस ग्राहकांच्या बाबतीत नेमकं तेच करत आले होते. त्याहून मोठी गोष्ट वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी सांगितली आहे : गुरुत्व इंद्रियांना दिसत नाही. वस्तू पडते, त्या पडण्यावरून त्याचं अनुमान करायचं. आपली मराठीही हेच बोलते. भार पडतो, काम अंगावर पडतं, आमच्या धंद्यात कॉलसुद्धा पडतो. नग डोळ्यांना दिसतात म्हणून मी ते मोजले. भार कळायला तो कुणावर तरी पडलेला बघावा लागतो, आणि पडत होता तो त्या मुलावर.

मग संख्या खोटी का? वैशेषिक तसं म्हणत नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. प्रत्येक वस्तूत एकत्व आहेच. दोनपासून पुढच्या संख्या मात्र 'हे एक, हे एक' अशा पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून जन्मतात. ही बुद्धी संख्येचं निमित्तकारण आहे, जसा घटाचा कुंभार. घट खरा असतो, पण तो कसा घडला याचा जाब कुंभाराला द्यावा लागतो. नर्सेसच्या काउंटरवरचा संगणक मी 'एक' धरला होता. त्याच्यावर तीन पाळ्यांत चौदा सिस्टर काम करतात, आणि सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पडद्याच्या कडेला लावलेला असतो. उलट टूलरूममध्ये यंत्रांशेजारचे कितीतरी संगणक वर्षानुवर्षं एकच प्रोग्रॅम चालवतात, त्यांना कुणी हातही लावत नाही. हल्ली आमच्या क्षेत्रात बरेच जण नगाऐवजी वापरणाऱ्या माणसांवर दर लावतात. ते जास्त न्याय्य आहे, पण तीही एक अपेक्षाबुद्धीच. पाळी बदलताना गोंधळलेली नवी सिस्टर आणि महिन्यातून एकदा अहवाल उघडणारे विश्वस्त, दोघांनाही 'एक'च म्हणायचं?

शास्त्र आणखी एक सांगतं : अपेक्षाबुद्धी मावळली की तिने घडवलेली संख्याही मावळते. शिकताना हे मला फार ताणलेलं वाटायचं. आता वाटतं, ४२ हा आकडा मी मोजून पाठ फिरवली त्या दिवशीच संपला होता. कागदावर उरली ती शाई, आणि त्या शाईवर मी एका माणसाच्या वर्षभराच्या रात्री लिहून दिल्या.

मोजल्याशिवाय मलाही दर सांगता येत नाही, मुलांना पगार देता येत नाही. पण आता नवीन साइटवर आम्ही नग लिहितो आणि तीन आठवडे एक वही ठेवतो : काय बंद पडलं, तेव्हा तिथे कोण उभं होतं, कशासाठी खोळंबलं होतं. शेवटचा रकाना मी स्वतः भरते. तो भरायला माणसांशी बोलावं लागतं.

हॉस्पिटलच्या कराराचं नूतनीकरण आलं तेव्हा व्यवस्थापकांनी साहजिकच विचारलं, "नग तर तेवढेच आहेत, मग रक्कम का वाढली?" मी रात्रीच्या कॉलची वही त्यांच्यापुढे ठेवली. ते एकेका ओळीवर बोट ठेवत मोजू लागले. तेराव्या ओळीवर मी त्यांना थांबवलं आणि त्या दोन नळ्यांबद्दल सांगायला लागले.