सांगावे की सोसावे?

केमोथेरपीचा पहिला डोस होऊन चार-पाच दिवस झाले की आपण त्या घरी फोन करतो. "काय, बरं आहे ना?" पलीकडून उत्तर येते, "हो, बरं आहे." प्रत्यक्षात त्या माणसाच्या पोटात दोन दिवस काही ठरलेले नसते, जीभ लाकडासारखी झालेली असते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. तरीही तो "बरं आहे" म्हणतो. हे खोटे बोलणे म्हणायचे, की धीर, की दुसऱ्याचा विचार? नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न दूरचा नाही. खारघरला टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक आहे, परळचे मोठे हॉस्पिटल हार्बर लाईनने गाठता येते, आणि या उपचारातून गेलेले कोणी ओळखीत नाही असे घर आता सापडणे कठीण आहे.

आधी हे त्रास होतात का ते पाहू. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि केमोची बरीचशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. पण आपल्या शरीरात निरोगी पेशीही अशाच वेगाने वाढत असतात : केसांच्या मुळांशी, तोंडाच्या आणि आतड्यांच्या अस्तरात, हाडांतील मगजात जिथे रक्त तयार होते तिथे. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून मळमळ होते, तोंड येते, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसू लागतात. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. सगळ्यांना सगळे होत नाही. औषधागणिक आणि माणसागणिक फरक पडतो. पहिल्या दोन सायकलमध्ये तर यातले आपल्या वाट्याला काय येणार हेच माहीत नसते. मळमळ थांबावी म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोनने झोप उडते, आणि माणसाला वाटते की आपल्यालाच काळजीने झोप येत नाही. अशा वेळी शरीर काय म्हणते आहे हे दुसऱ्या कोणाला कळण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे रुग्णाने सांगणे.

आणि नेमके तेच होत नाही. का होत नाही याची कारणे हलक्या मनाची नाहीत. कुणाला भीती असते की त्रास सांगितला तर डॉक्टर डोस कमी करतील, मग आजार उलटेल. कुणाला खर्चाची चिंता असते. आणखी एक औषध, आणखी एक तपासणी, मुलाची आणखी एक रजा. आपल्याकडच्या आयांना तर आयुष्यभर सगळ्यांचे जेवण झाल्यावर जेवायची सवय. आपल्या मळमळीबद्दल बोलणे त्यांना लाडावल्यासारखे वाटते. वॉर्डात शेजारच्या खाटेवर वीस वर्षांचा मुलगा असतो, मग पासष्ट वर्षांच्या माणसाने कशाला कण्हायचे? आणि काही श्रद्धाळू माणसे हे सारे देवाला अर्पण करायचे ठरवतात. गोळी घेतली तर अर्पणात कमी पडेल असे त्यांना मनोमन वाटते.

आम्हांला वाटते, प्रश्न "सांगावे की सोसावे" असा नसून "कोणाला सांगावे" असा आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पोटाची कहाणी ऐकण्याचा अधिकार नाही. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर गाठणाऱ्याला "बरं आहे" म्हणून पुढे जाणे यात असत्य काही नाही. ते आपले दार लोटून घेण्यासारखे आहे. घरच्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापासून लपवले तर ते अंदाज बांधत बसतात, आणि अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतो. डॉक्टर आणि नर्स यांच्या बाबतीत मात्र गप्प राहण्याला धीर म्हणता येत नाही. पुढचा डोस किती द्यायचा, कोणते औषध बदलायचे हे ते आपल्या शब्दावर ठरवतात. तिथे "बरं आहे" म्हणणे म्हणजे त्यांच्या हातात चुकीचे माप देणे.

याला पुरावाही आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रात केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. आजार शरीरात पसरलेले हे रुग्ण होते. काहींची नेहमीप्रमाणे देखभाल झाली. इतरांनी आपले त्रास स्वतः संगणकावर नोंदवायचे आणि त्रास वाढला की नर्सला निरोप जायचा, अशी योजना होती. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोंदवणाऱ्यांच्या गटात मध्यम आयुर्मान ३१.२ महिने निघाले, दुसऱ्या गटात २६. नवे औषध कोणतेही नव्हते. फक्त बोलण्याची सोय होती आणि ऐकणारे कोणी होते.

दुसरे उदाहरण आपल्या टाटा मेमोरियलचेच. उलट्या थांबवण्यासाठी इतर औषधांसोबत ओलान्झापीन देतात. त्याचा गुण चांगला, पण गुंगी इतकी की माणूस दिवसा उभा राहू शकत नाही. तिथल्या डॉक्टरांनी अडीचशेहून अधिक रुग्णांमध्ये नेहमीचे १० मिलिग्रॅम आणि त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम, यांची तुलना केली. २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त ती छापून आली. कमी डोसने उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि दिवसाची गुंगी पुष्कळ कमी झाली. "झोप येते हो, बाकी काही नाही" हे वाक्य कुणीतरी गांभीर्याने घेतले नसते तर असा अभ्यास सुचलाच नसता. उलटीचे औषध उलटी होण्याआधी घेतले तर जास्त उपयोगी पडते, हेही येथेच सांगून ठेवतो. "आज बरं वाटतंय, गोळी वाचवू" असे करू नये.

एका बाबतीत तर विचार करायलाही थांबू नये. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर रात्र असो वा रविवार, हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन करून निघावे. मनाने क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने ताप उतरलेला दिसतो, आतला जंतुसंसर्ग तसाच राहतो. पांढऱ्या पेशी कमी असताना तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. "शेजाऱ्यांना रात्री कशाला उठवायचे" हा संकोच इतर वेळी चांगला गुण आहे. त्या रात्री तो बाजूला ठेवावा.

आता अर्पणाविषयी. दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडावे ही आपली परंपरा आहे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी लिहिलेल्या पत्रात तिचा फार खोलवर विचार केला आहे. पण त्याच पत्रात शेवटी चांगला शोमरोनी येतो, आणि तो जखमी माणसाला सहन करायला शिकवत नाही, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. त्याआधी, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांना भूलतज्ज्ञांनी विचारले होते की वेदनाशामक औषध नाकारणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय. त्यांनी स्पष्ट सांगितले की तसे बंधन नाही. कोणी स्वेच्छेने सोसू शकतो, पण ते कोणावर लादता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रभूने तर क्रुसावर चढण्यापूर्वी बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला. खरे आहे. पण तोच प्रभू आदल्या रात्री हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो, तीन मित्रांना जागे राहायला सांगतो, आणि क्रुसावर, शेवटच्या घटकेला, तहान लागल्याचे मोठ्याने बोलून दाखवतो. आंब पुढे करतात तेव्हा ती घेतो. ज्याने सर्वांहून अधिक सोसले त्यानेही आपली तहान लपवली नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. शिवाय रोजचे ओकणे थांबल्यावर अर्पण करायला काही उरत नाही असे ज्याला वाटते, त्याने थकवा, वाट पाहणे, आरशातला अनोळखी चेहरा यांचा हिशेब करून पाहावा. उरते, पुष्कळ उरते.

भेटायला जाणाऱ्यांविषयी थोडे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. बोलायला लागले आणि बिघडले. आपणही "अमक्याला तर काहीच झालं नाही" असे सांगतो. ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की आपण कमी पडलो. पुढच्या वेळी तो "बरं आहे" म्हणतो. कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतो, कुणी गावचे चूर्ण पाठवतो. त्यातले काही केमोच्या औषधांशी जुळत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. आणि ज्या घरात रुग्ण आहे तिथे बोंबील-सुकटाचा वास आठवडाभर न दरवळला तर कुणी उपाशी राहत नाही. मऊ भात, पेज, ताक, गार केलेले जेवण हे चालते का ते विचारावे. आपणच ठरवू नये. कपडे वाळत घालणे, मुलांना शाळेतून आणणे, दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर सोबत बसणे ही कामे करायला मात्र माणसे कमीच मिळतात.

आणखी एक. पुष्कळ घरांत फादरना बोलावायला लोक बिचकतात, कारण आजाऱ्याचा तैलाभ्यंग म्हणजे शेवट जवळ आला असा समज अजून गेलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही, आणि १९७२ साली त्याचा विधीही सुधारला गेला. गंभीर आजारात उपचार सुरू होण्यापूर्वी तो मागता येतो. आजाऱ्याला, आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही, ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचे बंधन नाही. तोंड आले असेल आणि गिळवत नसेल तर लहानसा तुकडा मागावा. तेवढा पुरतो, आणि त्यावर घोटभर पाणी घेता येते.