तलावातले शेवाळ आणि त्याचे विषाणू

भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी उन्हाळ्याच्या तोंडी खाली गेले, की पाळीलगत हिरवी साय धरते. बऱ्याचदा ती मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाची असते. पेशींतल्या वायूच्या पोकळ्यांमुळे ते तरंगते आणि वारा त्याला कडेला लोटतो. धानाच्या बांध्यांतून वाहून आलेले खत, गुरांचे शेण, तळच्या गाळातला स्फुरद यांवर ते पोसते. पुढे एके दिवशी साय फुटते, पाणी मळकट होते, वास सुटतो. लोक त्याचे कारण ऊन किंवा वळवाचा पाऊस सांगतात. पण त्यामागे विषाणूही असू शकतात.

समुद्राच्या मिलिलिटरभर पाण्यात साधारण 1 कोटी विषाणू असतात. विषाणूला यजमान गाठता येतो तो योगायोगाच्या धडकेतून, म्हणून जे शेवाळ सर्वांत माजते तेच आधी सापडते. उत्तर अटलांटिकमध्ये उपग्रहातून दिसणारे एमिलियानिया हक्सलेई या सूक्ष्म शेवाळाचे दुधी पट्टे असेच ओसरतात. पण नीलहरित शेवाळाचा पहिला विषाणू समुद्रात मिळाला नाही. सॅफरमन आणि मॉरिस यांना तो अमेरिकेतल्या इंडियानात सांडपाण्याच्या तळ्यात सापडला, 1963 साली. 1967 मध्ये बनारसच्या आर. एन. सिंग आणि पी. के. सिंग यांनी भारतातल्या अशा विषाणूंची नोंद केली.

विषाणू पेशीत आपला डीएनए सोडतो, तिच्याच यंत्रणेकडून प्रती करवून घेतो आणि तिला फोडतो. आतला नत्र-स्फुरद पाण्यात विरघळतो. तो जीवाणूंच्या वाट्याला जातो. माशांपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. पेशीतले मायक्रोसिस्टिन हे विषही मोकळे होते आणि ते उकळून जात नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषामुळे चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिणे बंद करावे लागले. तिथे शेवाळाच्या पेशी फुटण्यामागे विषाणूंचा हात असावा, असे पुढच्या संशोधनातून दिसले.

तेव्हा तलावात विषाणू सोडून तो स्वच्छ करण्याची कल्पना भाबडी म्हणावी लागेल. शेवाळात प्रतिकारक वाण तयार होतातच, शिवाय स्फुरद तलावातच राहतो. तो बाहेर निघतो मुख्यतः दोन वाटांनी: उपसून बांधीत टाकलेला गाळ आणि ढिवरांच्या जाळ्यातले मासे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला मात्र एवढ्याने भागणार नाही. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून वैनगंगेत येते, आणि एका हंगामाची साय विषाणूंनी संपवली तरी पुढच्या हंगामाचे खाद्य वरून येतच असते.