गोष्ट कोणत्या भाषेतली?

बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. त्याच गावात आमच्या गल्लीतली कॉलेजची मुले रविवारी देवळाच्या ओवरीत लहानांना पुस्तके वाचून दाखवतात. मराठी टिकावी, हा हेतू. एकदा एका पोरीने शाळेतले कन्नड गोष्टींचे पुस्तक पुढे केले. वाचणारा मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मीही अडखळलो. मग वाटले, भाषेची काळजी माझी. त्या पोरीला भूक गोष्टीची. माझ्या काळजीपायी तिला उपाशी ठेवण्याचा मला काय अधिकार? म्हटले, "वाच रे." पुढच्या रविवारी तिची आजी म्हणाली, "पोरीनं काय छान गोष्ट सांगितली हो!" आजीला कन्नड येत नाही. म्हणजे पोरीने ती मराठीतच सांगितली होती. भाषा राखायची आणखी कोणती रीत असते?