पायरीपर्यंतची समता

अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी, म्हणजे देवळाबाहेरच आहे. तरीही वारीत जात विचारत नाहीत, वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, असा दाखला आपण अभिमानाने देतो. तो खोटा नाही, अपुरा आहे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात टिपलंय की, दिंडीतसुद्धा ब्राह्मण आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसत. ‘आपण सारे विठोबाचे’ ही ओळख जुन्या ओळखीवर पांघरली गेली, इतकंच. पाया पडायला क्षण पुरतो. शेजारी बसून जेवायचं तर सवयच मोडावी लागते. कोणी म्हणेल, भक्तीने मनं तयार केली म्हणूनच १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं. मनं एवढी तयार होती, तर उपोषण कशाला लागलं? मंदिराच्या पुजाऱ्यांवर, बडव्यांवर खापर फोडणं सोपं आहे. पण काहींना बाहेर ठेवून पिढ्यान्‌पिढ्या दर्शनाला आत गेले, ते वारकरीच होते.