वाचता येणारे गाढव

पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्या लोकांना जनावरांच्या तोंडचे राजकारण नवे नाही. दमनक कोल्ह्याने सिंहाचे कान भरून त्याच्याच हातून संजीवक बैलाला मारविले, ही गोष्ट आपण पोरवयातच ऐकतो. पण दमनक खोटे बोलतो ते राजाच्या कानाशी. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधले स्क्वीलर नावाचे डुक्कर खोटे बोलते ते भर अंगणात, आणि तेही ज्यांनी खरे काय ते स्वतः पाहिले आहे त्यांच्यापुढे. राजाला फसवायचे तर संशय पेरला की पुरते. प्रजेला फसवायचे तर तिच्या आठवणीलाच हात घालावा लागतो.

हे छोटेसे पुस्तक ऑगस्ट 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. 1917 ची रशियन क्रांती आणि पुढची स्टालिनशाही त्यात एका इंग्रजी शेतवाडीवर मांडली आहे. जनावरे मालकाला हाकलून देतात, सात नियम कोठाराच्या भिंतीवर रंगवितात, आणि पुढे डुकरे ते रात्रीतून बदलतात. कसे बदलतात, ते मात्र पाहण्यासारखे आहे. अगदी शेवट येईपर्यंत ती नियम सबंध पुसत नाहीत. त्याला शेपूट जोडतात. बिछाना वर्ज्य होता, त्याऐवजी चादर घातलेला बिछाना वर्ज्य होतो. दारूबंदी होती, ती अतिरेकाची बंदी होते. आपसातली हत्या निषिद्ध होती, ती विनाकारण केली तरच निषिद्ध ठरते. नियम पुसला असता तर कोकराच्याही लक्षात आले असते. शेपटामुळे प्रत्येकाला वाटते की आपलीच आठवण कच्ची. नेपोलियनच्या नऊ कुत्र्यांचा धाक आहेच. पण त्याच्याविषयी जरा जास्तच बोलले जाते असे मला वाटते. कुत्र्यांनी तोंडे बंद होतात. डोक्यातले बदलायला शेपूटच लागते.

ऑर्वेलला हे कुठून कळले? स्पेनच्या यादवी युद्धात तो स्वतः लढला आणि 1937 मध्ये आपल्याच साथीदारांना फॅसिस्टांचे हस्तक ठरविले जाताना त्याने पाहिले. त्याची दुसरी शाळा म्हणजे बीबीसी. 1941 ते 1943 तो लंडनहून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करीत होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे इतर भाषांबरोबर मराठीतही उतरवून इकडे ऐकविली जात. वेणू चितळे या मराठी लेखिका तेथे त्याच्या सहकारी होत्या. युद्धकाळातल्या प्रचाराची भट्टी त्याने अशी आतून पाहिली. ती नोकरी सोडली आणि लगेच हे पुस्तक लिहावयास घेतले. रशिया तेव्हा दोस्तराष्ट्र, म्हणून प्रकाशक धजेनात. नकार कळविणाऱ्यांत टी. एस. एलियटही होता. पुढे 1954 मध्ये त्यावर व्यंगचित्रपट निघाला, तेव्हा अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने पडद्याआडून पैसा घातला, आणि शेवट बदलला गेला. पुस्तकाच्या अखेरीस डुक्कर कोण आणि माणूस कोण हे ओळखू येईनासे होते. चित्रपटात जनावरे पुन्हा बंड करतात. शेपूट जोडण्याची ही गोष्ट, पण तिलाही कोणी तरी शेपूट जोडलेच!

मी मास्तर. म्हणून मला यातली शिकलेली आणि न शिकलेली जनावरे अधिक छळतात. बॉक्सर घोडा चार अक्षरांपुढे जात नाही. काही बिघडले की आपणच कमी राबलो असे समजून आणखी लवकर उठतो. असा विद्यार्थी वर्गात असला की आम्ही खूष असतो, हे कबूल केले पाहिजे. क्लोव्हर घोडीला अक्षरे येतात, शब्द जुळत नाहीत. शंका आली की ती म्युरिएल शेळीला भिंतीपाशी नेते. म्युरिएल आहे तसे वाचते आणि क्लोव्हरची शंका मिटते. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकेच उत्तम वाचता येते, पण ते या भानगडीत पडत नाही. बॉक्सरला खाटकाच्या गाडीतून नेतात तेव्हा ते प्रथमच सर्वांसमोर ओरडून गाडीवरची अक्षरे वाचते. तोवर बॉक्सर आत कोंडला गेलेला आहे.

बेंजामिनला दोष देणे सोपे आहे. मला म्युरिएल अवघड जाते. तिने एक अक्षरही खोटे वाचले नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे पोषण आहाराच्या तांदळाची दोन पोती कमी भरली. कोठीची किल्ली मुख्याध्यापकांकडे राहील असे आमच्या सभेत ठरले होते, आणि त्या सभेचा वृत्तांत मीच लिहिला होता. चौकशीच्या दिवशी वही उघडली, तो माझ्याच ओळीपुढे निराळ्या शाईत शब्द होते, ‘व गैरहजेरीत शिपायाकडे’. शिपाईमामा जेमतेम चौथी शिकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“गुरुजी, असंच ठरलं होतं का? वाचा की जरा.”

मी वाचले. सावकाश, स्पष्ट, शेवटच्या शब्दापर्यंत. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहत होते.

“लिहिलंय म्हणजे ठरलंच असेल,” मामा म्हणाले, आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला उठले.