चकमकीच्या वाक्यातील कर्ता

पोलिसांच्या गोळीने माणूस मरण पावला की त्या मृत्यूची एक संहिता सिद्ध होते. तिचा साचा ठरलेला असतो. खबर मिळते, सापळा रचला जातो, शरण येण्याचे आवाहन केले जाते, समोरून गोळीबार होतो आणि स्वसंरक्षणार्थ करण्यात आलेल्या गोळीबारात गुन्हेगार ठार होतो. 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला; मुंबईतील पोलीस चकमकींचा इतिहास सामान्यतः तेथून सांगितला जातो. पुढील दोन दशकांत हा साचा इतका रूढ झाला की स्थळ, काळ आणि मृताचे नाव तेवढे बदलावे, निवेदन तेच राहावे.

या निवेदनाची नैतिक कामगिरी त्याच्या भाषेतच उरकलेली असते. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडण्याच्या साधनालाही मराठीत ‘चकमक’ म्हणतात. दोन कठीण वस्तू एकमेकींवर आदळल्याखेरीज ठिणगी पडत नाही. म्हणजे घटनेला ‘चकमक’ म्हणताच दोन सशस्त्र पक्ष गृहीत धरले जातात, आणि चौकशीने जे सिद्ध व्हावयाचे ते नामकरणानेच मान्य होते. ‘तो ठार झाला’ हा व्याकरणदृष्ट्या कर्तरी प्रयोग आहे आणि त्यातील कर्ता मृत इसमच आहे. ‘पोलिसांनी त्याला ठार केले’ असे म्हटले, तर ज्याला ‘का?’ असे विचारता येईल असा कोणीतरी वाक्यात उभा राहतो. पहिल्या वाक्यात तो नसतो.

येथे एक विसंगती दिसते. स्वसंरक्षण हे कृत्याचे समर्थन आहे, कृत्याचा इन्कार नव्हे. ‘स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मारले’ असे म्हणणाऱ्याने ‘मारले’ हे आधी मान्य केलेले असते. म्हणूनच अपवादाची परिस्थिती सिद्ध करण्याचा भार कायदा त्याच्यावर टाकतो. चकमकीच्या संहितेला समर्थन हवे असते, कबुली नको असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. मिळालेल्या खबरेची नोंद, प्राथमिक माहिती अहवाल, गुन्हे अन्वेषण विभागाकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत तत्काळ बढती वा पारितोषिक नाही. वाक्यातून गळालेला कर्ता परत आणण्याचीच ही खटपट आहे. ती विलंबाने फळते. 2006 मधील एका बनावट चकमकीबद्दल 2013 मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले. तेव्हा निर्दोष सुटलेल्या एका अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती मार्च 2024 मध्ये.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. बंदूक रोखलेल्या माणसासमोर उभ्या पोलिसाला क्षणभराचाच अवधी असतो. त्याच्या कृत्याचा न्याय सवडीने करणे अन्याय्य नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण त्या क्षणाला पूर्वेतिहासही असतो. सापळा कोठे लावावा, किती अंतर ठेवावे, आडोसा कोणता, घेराव घालून थांबता येईल काय, हे निर्णय सवडीनेच घेतलेले असतात. मारण्याला पर्याय शोधावयाचा तो तेथे. क्षण मात्र खराच असतो, हे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दिसले. तेथे एक दहशतवादी पोलिसांच्या गोळीने मेला, आणि ती गोळी अनिवार्य होती. दुसऱ्याच्या बंदुकीची नळी तुकाराम ओंबळे यांनी पकडून ठेवली. त्यांच्या हाती केवळ लाठी होती. ते मारले गेले, पण कसाब जिवंत सापडला. हे आत्मार्पण कोणाही पोलिसाकडून कर्तव्य म्हणून मागता येणार नाही. मात्र त्यामुळे खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी फाशी झाली. फाशीविषयी मत काहीही असो, त्या मृत्यूखाली राज्यसंस्थेची सही होती.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेल्या, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या ‘अर्धसत्य’ (1983) चित्रपटाचा शेवट या संदर्भात पुन्हा पाहावा. त्याच्या हातून कोठडीत एक जण मेलेला आहे, आणि ते प्रकरण मिटवण्यासाठी त्याने गुंडाचे दार ठोठावलेले आहे. अखेरीस वेलणकर त्या गुंडालाच मारतो, ठाण्यात जातो आणि कबुली देतो. प्रेक्षकांनी हत्येला टाळ्या वाजवल्या. कबुलीकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. हत्येने वेलणकर निर्दोष होत नाही, कबुलीनेही नाही. पण कबुली देताना तो स्वतःच्या वाक्याचा कर्ता होतो. पोलिसांच्या हाती शस्त्र देणाऱ्या समाजाने त्यांच्याकडून किमान एवढे मागावे. आणि ते मागावयाचे, तर ‘ठार झाला’ या वाक्यावर समाधान मानण्याची स्वतःची सवय त्याने आधी सोडावी.