हृदयाला सोबत हवी

सामान्य काळातील २७ वा रविवार
वाचने : उत्पत्ती २:१८-२४, इब्री २:९-११, मार्क १०:२-१६



आजचे पहिले वाचन आपल्याला एदेन बागेत घेऊन जाते. सृष्टी निर्माण करताना परमेश्वराने प्रत्येक गोष्ट चांगली आहे असे म्हटले होते. मात्र माणूस एकटा असणे हे काही चांगले नाही, असे तो येथे प्रथमच म्हणतो. पाप तेव्हा जगात शिरलेही नव्हते. बाग फळांनी भरलेली होती, पाणी मुबलक होते, तरी माणसाला काहीतरी उणे होते. ते उणेपण भरून काढण्यासाठी देवाने त्याला अनुरूप सोबती दिला.

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन पाळला जातो. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, हा डॉक्टरांचा सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे आणि तो पाळायलाच हवा. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकातले एकटेपण आणि डॉक्टरांच्या तपासणीतले हृदय यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, हे आपल्या फारसे ध्यानात येत नाही. आज आम्ही त्याविषयी तुमच्याशी बोलणार आहोत.

आकडे काय सांगतात?

हा विचार नवा नाही. १८५८ साली विल्यम फार या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने फ्रान्समधील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. विवाहितांपेक्षा अविवाहित आणि विधवा-विधुर यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे त्याला आढळले. १९६९ साली कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी २१३ जण दगावले होते. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्क्यांनी अधिक होते, आणि ही वाढ मुख्यतः हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंची होती. अलीकडे, २०१८ साली, ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वीस लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. कधीच विवाह न केलेले, घटस्फोटित आणि जोडीदार गमावलेले यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका विवाहितांपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसून आले.

“काळीज तुटलं” असे आपली माणसे म्हणतात, ते केवळ बोलण्यापुरते नसते. १९९० साली जपानमधील डॉ. हिकारू सातो यांनी एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या दुःखाचा वा भीतीचा धक्का बसताच हृदयाचा डावा कप्पा एकाएकी फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. रक्तवाहिनीत अडथळा नसतो, तरी छातीत तसेच दुखते. हृदयाचा आकार तेथील ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचेच नाव, ताकोत्सुबो, या आजाराला मिळाले. तो बहुतेक करून उतारवयातील स्त्रियांना होतो. सुदैवाने पुष्कळजण काही आठवड्यांत बरे होतात.

लग्न म्हणजे औषध नव्हे

हे वाचून कोणी घाईने निष्कर्ष काढू नये. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि उजाडते, पण कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ज्यांची प्रकृती चांगली, नोकरी स्थिर, त्यांचे लग्न सहज जमते. म्हणजे लग्नाने त्यांना निरोगी केले की निरोगी होते म्हणून लग्न झाले, हे तपासून पाहावे लागते. आपल्याकडे पिणाऱ्या मुलाविषयी आईवडील म्हणतात, “लग्न झालं की सुधारेल.” तो नेहमी सुधारतोच असे नाही, आणि दुसऱ्याच्या लेकीचे आयुष्य मात्र पणाला लागते. विवाह हा पवित्र संस्कार आहे. त्याला व्यसनमुक्तीची गोळी समजणे हा त्या संस्काराचा अपमान आहे.

शिवाय लग्न झाले म्हणजे सोबत मिळतेच असे नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या २९२ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या संसारात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा हृदयविकाराचा त्रास होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट होता. नोकरीतल्या ताणाने मात्र तसा फरक पडलेला दिसला नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून हृदयविकाराचा जो प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला, त्यातील पुढच्या पिढीच्या पाहणीत २००७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. नवऱ्याशी मतभेद झाला की ज्या बायका नेहमी तोंड मिटून गप्प राहत, त्यांचा पुढील दहा वर्षांत मृत्यू होण्याचा धोका बोलून मोकळ्या होणाऱ्या बायकांच्या चौपट होता.

आपल्या घरांत “ती बिचारी कधी शब्दाला शब्द करीत नाही” हे कौतुकाने सांगितले जाते. ती गप्प का आहे, हे कधी कोणी विचारले आहे काय?

येशूचे निदान

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. परुशी येशूला विचारतात, पुरुषाने बायकोला सोडणे कायदेशीर आहे काय? त्यांना सूटपत्राचा नियम ठाऊक होता. येशू त्यांना कलमावरून उठवून मुळाशी नेतो आणि सांगतो की, मोशेने तो नियम लिहून दिला तो तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे. संत मार्कने या ठिकाणी ‘स्क्लेरोकार्दिया’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. ‘स्क्लेरॉस’ म्हणजे कठीण, ‘कार्दिया’ म्हणजे हृदय. रक्तवाहिन्या कठीण होतात तेव्हा डॉक्टर ‘अथेरोस्क्लेरोसिस’ म्हणतात, तो शब्दही याच मुळापासून आला आहे. रक्तवाहिनी एका रात्रीत कठीण होत नाही. वर्षानुवर्षे थर बसत जातो, दुखत नाही म्हणून कळत नाही. मनाचेही तसेच आहे. न मागितलेली क्षमा, जेवताना टीव्हीकडे लागलेले डोळे, चारचौघांत केलेला पाणउतारा, प्रत्येक वेळी ओढलेला माहेरचा विषय, असे एकेक थर चढत जातात. पंचवीस वर्षांनी रौप्यमहोत्सवाची मिस्सा होते, हारतुरे होतात, आणि एकाच घरात दोन माणसे एकटी राहत असतात.

संत थॉमस अक्वायनस याने पतिपत्नीच्या नात्याला सर्वांत थोर मैत्री म्हटले आहे. मैत्रीत दोघांनाही बोलायची मुभा असते. म्हणून दांपत्यांनो, आज घरी गेल्यावर एकमेकांना विचारा, “तुझ्या मनात असे काय आहे, जे तू मला सांगत नाहीस?” उत्तर ऐकताना मध्येच बोलू नका.

आणि एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. ज्या घरात मारहाण होते, तेथील भगिनीने ती क्रूस म्हणून मुकाट्याने सोसावी, अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रेषितीय प्रबोधनपत्रात लिहिले की, स्वतःला किंवा मुलांना अशा हिंसेपासून वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते. तुमच्यासाठी धर्मग्रामाचे दार उघडे आहे.

सोबत काय करते?

मग चांगल्या संसारात हृदयाला जपणारे असे काय असते? कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, हे त्यात पाहिले होते. विवाहित पुरुष इतरांपेक्षा लवकर पोहोचत होते. झटक्यात प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. तेथे वाचलेला वेळ म्हणजे वाचलेले आयुष्य. “ॲसिडिटी आहे, सोडा पितो” म्हणणाऱ्या नवऱ्याला कोणीतरी दटावून गाडीत बसवले होते. थोडक्यात, त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघणारे कोणीतरी घरात होते.

परंतु त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांना हा फायदा झालेला दिसला नाही. पुरुषांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. तुमचा घाम, तुमचा श्वास तिच्या लक्षात येतो. तिचा तुमच्या येतो काय? स्त्रियांना छातीत दुखण्याबरोबर, कधी त्याऐवजी, धाप लागते, मळमळते, जबडा वा पाठ दुखते, एकाएकी थकवा येतो. “काम जास्त झालं असेल” म्हणून ती स्वयंपाकाला लागते. अशा वेळी गॅस बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

ज्यांना कोणी बघत नाही

आता आम्ही त्यांच्याशी बोलतो, ज्यांना हा लेख वाचताना टोचले असेल. आपल्या धर्मग्रामात विधवा आणि विधुर आहेत. धाकट्या भावंडांना मार्गाला लावता लावता लग्नाचे वय निघून गेलेल्या बहिणी आहेत. मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या घरात एकटे दिवा लावणारे आहेत. विभक्त झालेले आहेत; ते मागच्या बाकावर बसतात आणि कम्युनियनच्या वेळी खाली बघतात. त्यांना आम्ही सांगतो की केवळ विभक्त किंवा घटस्फोटित झाल्यामुळे कोणी कम्युनियनला मुकत नाही. पुनर्विवाहासारखी वेगळी परिस्थिती असेल तर संकोच न करता धर्मगुरूंना भेटा. आणि आम्ही धर्मगुरू व धर्मभगिनीही अविवाहितच आहोत. वरील आकडे आम्हांलाही लागू आहेत.

देवाने आपल्याला विसरले काय? नाही. बेथानीचे घर आठवा. तेथे मार्था, मरिया आणि लाजरस ही तीन भावंडे राहत होती. त्यांच्यापैकी कोणाच्या जोडीदाराचा उल्लेख शुभवर्तमानात नाही, पण येशूला विसावा मिळत होता तो त्याच घरात. क्रूसावर प्राण जात असताना येशूने आपल्या आईची सोय लावली. तिला त्याने शिष्याच्या हाती सोपवले आणि त्या दिवसापासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. ज्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नव्हते, त्यांचे घर क्रूसाखाली उभे राहिले. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत काही विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी ती टाळली नाही. त्या कामासाठी सात माणसे नेमली.

आपण काय करतो? कोणी वारले की सात दिवस घर भरलेले असते. महिन्याच्या मिस्सेनंतर खुर्च्या परत जातात आणि मग कोणी फिरकत नाही. पार्क्सच्या विधुरांना धोका होता तो पहिल्या सहा महिन्यांत. म्हणजे आपण निघून येतो, तेव्हा खरी गरज सुरू झालेली असते.

म्हणून प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाला आमची विनंती आहे. आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत एकटे कोण राहते, त्यांची नावे एका वहीत लिहा. प्रत्येक नावासमोर एका कुटुंबाचे नाव लिहा. त्या कुटुंबाने रोज सकाळी एक हाक मारावी किंवा फोन करावा. रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढे विचारले तरी पुरे. दुःखाच्या घरी महिन्याच्या मिस्सेनंतर निदान सहा महिने दर रविवारी कोणीतरी जावे. आणि नाताळचे, सणाचे जेवण त्यांना डब्यातून पाठवू नका. त्यांना आपल्या पानाशेजारी बसवा.

एकट्या राहणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. “कशाला कोणाला त्रास” असे म्हणू नका. शेजाऱ्याला आपल्या दाराची एक किल्ली देऊन ठेवा. मदत मागणे हाही नम्रतेचा सद्गुण आहे.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तुझे पवित्र हृदय भाल्याने भोसकले गेले, तरी ते कठीण झाले नाही. आमच्या घरांतील अबोला दूर कर. जे एकटे आहेत त्यांच्या दारी आम्हांला पाठव, आणि आम्ही एकटे पडू तेव्हा आमच्याही दारी कोणाला तरी पाठव. आमेन.

आपले धर्मगुरू